पान तुमचं, छाट आमची

विडी कारखान्याचे मालक यांस,

तुमचं किंवा तुमच्या कारखान्याचं नाव मी या पत्रात घालत नाही. नाव घातलं की पत्र एकट्या तुमचं होईल आणि तुमच्या शेजारचा मालक पेपरची घडी घालून निवांत चहा पिईल. ज्याला लागू पडेल त्याने आपलंच समजावं.

मागच्या शनिवारी माझी आई हजार विड्या घेऊन तुमच्या ब्रँचवर आली होती. पंचवीस-पंचवीसच्या चाळीस जुड्या. तीन तास रांगेत बसली. नंबर आल्यावर चेकरने पाच जुड्या छाट म्हणून बाजूला फेकल्या. म्हणजे सव्वाशे विड्या, आणि त्यांची मजुरी गेली ती वेगळीच. का म्हणून विचारलं तर त्याने तुमचा निरोप ऐकवला : ‘मालक म्हणतात, गिऱ्हाईक ओरडतंय. तंबाखू तीच आणि चव रोज निराळी. तुम्हा बायकांचा हात बिघडलाय.’

निरोप अर्धा खरा आहे. एकच तंबाखू दोन विड्यांत दोन चवी देते, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. उरलेला अर्धा खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे आमच्याआधी तुम्हाला माहीत आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. म्हणून हे पत्र.

आई चाळीस वर्षं विड्या वळते. तिच्याआधी आजी वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्यासारख्या तेलुगू बोलणाऱ्या घरांतून पुरुष मागावर आणि बायका सुपापुढे, असंच चालत आलंय. आईच्या उजव्या अंगठ्याचं टोक चपटं झालंय. विडीचं तोंड मुडपून मुडपून तिथली कातडी नखासारखी टणक झालीय, सुई टोचली तरी कळत नाही. आधार कार्डाच्या मशीनवर त्या अंगठ्याचा ठसा तीनदा घेतला तरी उमटला नाही. त्या अंगठ्याला तुम्ही बिघडलेला म्हणालात. म्हणून त्या रात्री मी एक गोष्ट करून पाहिली. ती तुम्हाला नीट सांगते.

घरात गेल्या महिन्याच्या पानांतली मूठभर पानं उरली होती. या आठवड्यात तुमच्या ब्रँचने दिलेली पानंही होती. दोन्ही आईने एकाच बादलीत भिजवली, एकाच ओल्या पोत्यात रात्रभर गुंडाळून ठेवली. सकाळी एकाच डब्यातली तंबाखू सुपात घेतली. पान कापायचा एकच फर्मा, एकच कात्री, एकच दोरा आणि तोच बिघडलेला हात. जुन्या पानाच्या पाच विड्या आणि नव्या पानाच्या पाच.

जुनं पान मी खिडकीपाशी उजेडात धरलं. तळहाताएवढं, मऊ, तांबूस झाक असलेलं, शिरा केसासारख्या बारीक. बोटांनी दुमडलं तर दुमडलं, सोडलं तर हळूच उघडलं. मग नवं पान धरलं. मधली शीर सुतळीसारखी वर आलेली, कडेला काळे ठिपके, आणि एका जागी पांढुरकी बुरशी. दुमडलं तर शिरेवर तडकलं. आईने त्यातून फर्मा बसवायला जागा शोधली तेव्हा चार पानांतली दोन वायाच गेली. तिसऱ्यात फर्मा शिरेवरून नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, पॉवरलूमवरून निवृत्त झालेले. पन्नास वर्षं विडी ओढतात. त्यांना काही न सांगता दोन विड्या दिल्या. पहिली त्यांनी शेवटपर्यंत ओढली. दुसरी दोन झुरक्यांत विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा पेटवून जोरात ओढली, खोकले आणि म्हणाले, ‘ही कडू आहे. तंबाखू बदलली काय गं?’ तंबाखू एकाच डब्यातली होती, मालक. बदललं होतं फक्त पान, आणि ते तुम्ही दिलं होतं.

असं का होतं हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी लिहिते, कारण चेकरला ठाऊक नाही आणि रांगेतल्या बायकांना कुणी सांगत नाही.

विडीत वजनाने पान तंबाखूपेक्षा कमी नसतं, बहुधा जास्तच भरतं. गिऱ्हाईक ओढतं तो नुसता तंबाखूचा धूर नसतो, पानाचाही असतो. सिगारेटच्या कागदातून थोडी थोडी हवा आत शिरत राहते. तेंदूच्या पानातून ती जवळजवळ शिरतच नाही, म्हणून विडी हातात धरून ठेवली की विझते आणि सारखी ओढावी लागते. पान जाड असेल तर जळायला आणखी कुरकुरतं. माणूस मग जोर लावतो. जोर लावला की आतला निखारा भडकतो, तंबाखू करपते, घसा धरतो. विझलेली विडी पुन्हा पेटवली की मागचा गार धूर आणि राख नव्या धुरात मिसळते, आणि तोच तो कडवटपणा मामांच्या जिभेला कळला. पान तडकलं तर उलटं होतं. फटीतून हवा शिरते, विडी एका बाजूने भराभर जळते आणि तोंडाशी नुसतं गरम गरम येतं.

हा काही विडीचाच गुण नाही. माझे आजोबा चिलीम ओढायचे. नवी चिलीम आणली की आठ दिवस त्यांची कुरकुर चालायची, ‘माती लागते’ म्हणून. जुनी होऊन आतून काळी झाली की तीच तंबाखू त्यांना गोड लागायची. छापी, म्हणजे चिलमीच्या बुडाशी धरायची चिंधी, कोरडी राहिली तर घशाला झोंबायचं, ओली असली तर धूर गार यायचा. पाइप ओढणाऱ्या गोऱ्या लोकांचाही हाच अनुभव. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी लाकडाची गाठ वाढते, ती कोरून पाइप करतात. एका डब्यातली तंबाखू एका पाइपात मऊ लागते आणि दुसऱ्यात तिखट. भांडं रुंद की अरुंद, लाकूड किती जाड, आत काजळीचा थर किती साचलाय, नळीचं भोक केवढं, भरताना किती दाबलं, यावर सगळं ठरतं. तंबाखू जळते कुठल्या कुडीत, त्यावर तिची चव. विडीची कुडी म्हणजे पान. तिकडे चव बिघडली तर लोक पाइप साफ करतात, नाहीतर दुसरा घेतात. पाइप बनवणाऱ्या कारागिराच्या घरी जाऊन त्याच्या ताटातली भाकरी कुणी उचलत नाही.

हाताचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही. तंबाखू घट्ट भरली तर ओढ लागत नाही, सैल भरली तर भुरभुरते आणि जिभेवर कण येतात. हजार विड्यांना पाव किलोच्या आसपास तंबाखू, म्हणजे एका विडीत चिमूटभराहून कमी. त्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो. आई हे जाणते. म्हणून ती वळलेली विडी कानाशी नेऊन दोन बोटांत हलकी दाबते. आवाज आला तर सैल, नाही आला तर बरोबर. हजारदा दाबते, दर दिवशी.

पण चव ठरवणाऱ्या बाकीच्या सगळ्या गोष्टी तुमच्या हातात आहेत. निपाणीच्या काळ्या जमिनीतली कडक तंबाखू किती आणि गुजरातची किती, ही मिसळ तुमच्या गोदामात होते. आमच्या घरी तयार डबा येतो. वळून झालेल्या विड्या भट्टीत शेकतात ते तुमच्याकडे. कमी शेकल्या तर दमट राहून बुरसतात, जास्त शेकल्या तर पान पापडासारखं होतं. पान कुठून घ्यायचं, कितीला घ्यायचं, कुठल्या गोदामात किती महिने ठेवायचं, हेही तुम्हीच ठरवता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पानाबद्दल अजून बोलायचंय, कारण सगळी लबाडी तिथेच आहे. तेंदूच्या झाडाला आपल्याकडे टेंभुर्णी म्हणतात. माढा तालुक्यात त्या नावाचं गाव आहे, पण पान येतं लांबून, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलांतून. उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपं छाटली की नवे कोंब फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत आदिवासी बायका पहाटे निघून ती कोवळी पानं तोडतात, घरी बसून पुडे बांधतात, मग पुडे उन्हात मांडून, उलटून, वाळवून पोत्यांत भरतात. झुडपं वेळेवर छाटली नाहीत तर पान जून निघतं. वाळत असताना वळीव कोसळला तर काळे ठिपके पडतात. पोतं ओलं भरलं तर बुरशी. हे सगळं पोतं उघडताक्षणी दिसतं. तुमचा माणूस खरेदीला जातो तेव्हा त्याला दिसतं. भाव पाडून घेताना दिसतं. आमच्या सुपात पडलं की मात्र कुणालाच दिसत नाही!

वर पान मोजूनमापून कमी द्यायचं. हजार विड्यांना जेवढं लागतं तेवढं तुम्ही कागदावर देता. त्यातलं निम्मं ठिपक्यांचं निघालं की हजार भरत नाहीत. मग आई काय करते? बाजारातून स्वतःच्या पैशांनी पान आणते. तुमच्या विडीला आमच्या पैशाचं पान. हे नवं नाही, पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत विचारा. पैसे नसले की फर्मा शिरेवर टेकवावा लागतो, आणि तीच विडी चेकर छाट म्हणून बाजूला काढतो. छाट झालेली विडी परत देत नाही. मोडली म्हणता. मोडलेल्या विड्यांचा ढीग मी ब्रँचवर अजून एकदाही पाहिलेला नाही.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याच्या ३९व्या कलमात तीन तंटे शेजारी शेजारी बसवले होते : मालकाने कच्चा माल कसा दिला, विडी छाट का केली, आणि छाट केलेल्या विडीच्या मजुरीचं काय. त्यांचा निकाल झटपट लागावा म्हणून सरकारने अधिकारी नेमावा, असंही त्यात होतं. साठ वर्षांपूर्वी दिल्लीत बसून लिहिणाऱ्यांना कळलं होतं की पान आणि छाट एकाच दोऱ्याने बांधलेले आहेत. तुम्ही सोलापुरात बसून तो दोरा कापता.

या धंद्यात खालच्या माणसाला जे मिळालं ते भांडूनच मिळालं. निपाणीच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे उभं राहून भावासाठी हमरस्ता अडवला आणि गोळ्या खाल्ल्या. सोलापूरजवळ कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान येऊन चाव्या देऊन गेले. ती घरंसुद्धा मोर्चे काढून काढून पदरात पडली. त्या घरांत आज तुमचा कारखाना चालतो. पान तिथेच भिजतं, तंबाखूचा खकाणा तिथेच उडतो, पाळण्यातलं पोर तिथेच शिंकतं. जागेचं भाडं तुम्ही देत नाही, विजेचं बिल देत नाही. पान तरी धड द्या.

विडीची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही. विडीने फुप्फुस जातं, तोंडाचा कॅन्सर होतो, मामांचा खोकला मला भिंतीपलीकडून रोज रात्री ऐकू येतो. आईने आयुष्यात एकही विडी ओढली नाही आणि तरी तिची छाती भरते. एक दिवस हा धंदा बंद पडला तर मला दुःख होणार नाही, तिच्या हाताला दुसरं काम मिळालं तर. पण तो सुरू आहे तोवर तिच्या घामाचे पैसे तिला पुरते मिळाले पाहिजेत. चव बिघडल्याचा दंड बिघडवणाऱ्याने भरावा.

येत्या शनिवारी आई पुन्हा ब्रँचवर येईल. मी सोबत असेन. उरलेल्या आठ विड्या, चार-चार, दोन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी बांधून आणीन. ठिपक्यांची पानंही आणीन. तुम्ही चेकरला पाठवू नका, स्वतः बाहेर या, आणि या आठवड्याचं पानाचं एक पोतं रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर उघडा. त्यांना पान हातात घेऊन बघू द्या. मग छाटीच्या त्या सव्वाशे विड्यांचं बोलू.

विडी कामगाराची मुलगी,
पूर्व भाग, सोलापूर