जपून ठेवलंय

आमचा कॉम्प्युटर पहिल्यांदा मेला तो ऐन शनिवारी, पनवेलची आठ माणसं बॅगांसकट पडवीत उभी असताना. स्क्रीन निळी झाली आणि त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ अशी अक्षरं आली. खोल्यांचं सगळं बुकिंग त्याच्या पोटात. काकू आतून लसूण सोलता सोलता म्हणाली, "वरच्या दोन खोल्या दे त्यांना. एकीचा उपास आहे." तसंच होतं.

आमच्या नागावात काहीही बिघडलं की पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर. खिडकीचे गज, सायकलची चेन, सगळ्यांचा गुन्हेगार तोच. त्यामुळे अलिबागच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच "रॅम काढा, खोडरबराने घासा" असं सांगितलं तेव्हा वाऱ्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खोडरबराचं. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची आठवण. ती परत यावी म्हणून रबर!

वायर काढली, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, दोन्ही टोकांचे खटके दाबले. रॅमची पट्टी टुपकन वर आली. तिच्या सोनेरी दातांवर चहाच्या डागासारखा तपकिरी थर. पुतणीच्या कंपासातलं रबर हळूहळू फिरवलं, त्यावर काळी रेघ उमटली. खाचेतून एक वाळकी मुंगीही निघाली. तीन दिवस यंत्र शहाण्यासारखं वागलं. चौथ्या दिवशी पुन्हा निळं.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावलं. हा प्रोग्रॅम रॅमच्या घराघरांत आकडे लिहितो आणि पुन्हा वाचून बघतो, दिलं होतं तेच परत आलं का. पाच तास झाले आणि लाइट गेली. दुसऱ्या रात्री दोन्ही पट्ट्या एकेक करून बसवल्या. पहिली निर्दोष. दुसरी लावली की लाल ओळी. तिची खाच बदलली तरी लालच. म्हणजे वारा सुटला, मुंगीही सुटली. दोष पट्टीचाच.

अशी चूक फार बारीक असते. एखाद्या शून्याचा एक होतो, बस्स. 2003 मध्ये बेल्जियमच्या एका निवडणुकीत बहुधा अशाच चुकीने यंत्राने एका उमेदवाराला 4096 मतं जास्त दिली होती. पकडलं गेलं ते एवढ्याचसाठी, की तितकी मतं पडणं शक्यच नव्हतं. काकूही अशीच सापडते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या सुपाऱ्या पडल्या. पहिल्या वर्षी ती साठ म्हणायची, मग पंचाहत्तर. हल्ली पाहुण्यांना "शंभराच्या वरच" असं सांगते. वाडीत तेव्हा एकूण नव्वदच होत्या.

पण बुकिंगमध्ये ती चुकत नाही. त्याचं कारण मला दुरुस्तीवाल्याकडून कळलं. रॅममधलं एकेक घर म्हणजे गळकी घागर. वीज भरली की लगेच झिरपायला लागते, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत सगळ्या घागरी पुन्हा भराव्या लागतात. काकू अंगण झाडताना पुटपुटते ते मी स्तोत्र समजत होतो. नीट ऐकलं तर, "शुक्रवारी पुण्याचे चार, मासे नकोत. शनिवारी ठाण्याचे सहा, एक खोली खालची."

शेजारच्या आक्षीचा शिलालेख मात्र न पुटपुटता टिकलाय. कोकणच्या केशिदेवरायाच्या प्रधानाने महालक्ष्मीसाठी नऊ कुंवली धान्य ठरवून दिलं, ते दगडात आहे. अनेक जण त्याचा शक 934 वाचतात, म्हणजे इसवी सन 1012. काही अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही. साल हललं, पण धान्य नऊच्या नऊ कुंवली जागेवर. आणि आमच्याकडे दोन खोल्या सांभाळता येईनात!

काल दुरुस्तीवाल्याने आनंदाची बातमी दिली. त्या पट्टीला आजन्म वॉरंटी आहे, खराब पट्टी द्या आणि नवी घ्या.

"काकू, ती हिरवी पट्टी कुठाय?"

"जपून ठेवलीय."

"कुठे?"

काकूने देव्हाऱ्याचा खण बघितला, मग मसाल्याचा डबा, मग गोधड्यांच्या घड्या. शेवटी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"असा डोक्याशी उभा राहू नकोस रे. आठवलं की देते. आणि शनिवारचे ठाणेकर सहा नाहीत, सात. तान्हं आहे एक. पाळणा काढून ठेव."