साहेब बंदोबस्तात आहेत

पोलीस खात्यातून गोष्टी बाहेर फुटतात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करून बघावा. आरोपीनं कोठडीत रात्री काय खाल्लं हे चॅनेलवाल्यांना तासाभरात कळतं, हे खरं. पण ते 'सूत्रांकडून'. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जोडपत्र 'अ' भरून रीतसर विचारणाऱ्याला मात्र एक अक्षर कळणार नाही, इतका कडेकोट कारभार.

आमच्या पेठेतल्या निवृत्त गुरुजींचंच घ्या. गणेशोत्सवात रात्री साडेबाराला डीजेच्या दणक्यानं त्यांच्या मांडणीवरची भांडी नाचायला लागली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची. गुरुजींनी ११२ फिरवला, मग चपला घालून ठाण्यात गेले आणि लेखी तक्रार देऊन आले. पुढे काहीच झालं नाही, म्हणून त्यांनी माहितीचा अर्ज केला. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतली नोंद, आवाज मोजल्याची नोंद, कोणाच्या डीजेवर काय कारवाई केली ते, आणि आपण तक्रार द्यायला गेलो तेव्हाचं ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज, एवढंच मागितलं. विषय एकच आणि शब्द दीडशेच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमांत ती अट आहे. नागरिकानं थोडक्यात विचारावं म्हणून नियम आहे; खात्यानं थोडक्यात टाळावं, असा नियम अजून कोणी केलेला नाही.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, "कशाला पाहिजे माहिती?" गुरुजी म्हणाले, कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही. त्यावर अंमलदारांनी त्याहून जुनं कलम सांगितलं : "साहेब बंदोबस्तात आहेत." गणपती झाले की नवरात्र, नवरात्र झालं की निवडणूक, निवडणूक झाली की मंत्र्यांचा दौरा. तरी गुरुजींनी गोल शिक्क्याची पोच मिळवलीच. या प्रकरणातला तो त्यांचा शेवटचा विजय.

कायद्यानं मुदत तीस दिवसांची. मुदत टळली तर माहिती फुकट द्यावी लागते, म्हणून उत्तर आदल्या दिवशी निघालं. मुद्दा एक : सदर प्रकरणी गुन्हा दाखल नाही, डायरीची नोंद अभिलेखात आढळून येत नाही. मुद्दा दोन : आवाजाच्या नोंदी दिल्यास तपासात अडथळा येईल, सबब कलम आठ-एक-एच अन्वये माहिती नाकारण्यात येत आहे. मुद्दा तीन : डीजेमालकाचं नाव ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने आठ-एक-जे. मुद्दा चार : फुटेज तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही. खाली सही, शिक्का आणि 'आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

हे पत्र चौकटीत लावून पोलीस अकादमीच्या भिंतीवर टांगण्यासारखं आहे. जो गुन्हा दाखलच झाला नाही त्याचा तपास चालू आहे, आणि तो इतका नाजूक आहे की डेसिबलचा आकडा उच्चारला तरी बिघडेल. तपास चालू आहे एवढं म्हणून भागत नाही, माहिती दिल्यानं तो कसा अडेल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलंय. पण दिल्लीचं टपाल आमच्या पेठेत उशिरा येतं.

तिसरा मुद्दा तर हळवा आहे. ज्याच्या स्पीकरच्या भिंतीनं चार गल्ल्यांची झोप उडवली, त्या माणसाचं खाजगीपण खातं डोळ्यांत तेल घालून जपतंय. पूर्वी आठ-एक-जे लावताना, माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे तरी बघावं लागायचं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यानं त्या कलमाला कात्री लावली आणि 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द ठेवले. व्यापक जनहितासाठी माहिती देता येते, हे कलम ८(२) अजून जागेवर आहे. ते आहे, हे आपण बोलू नये; उद्या तेही कोणाच्या लक्षात येईल.

फुटेजचं म्हणाल, तर प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपा, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. कॅमेरे लागलेही. त्यांची तब्येत मात्र नाजूक असते. कोणी फुटेज मागितलं की नेमकी त्याच रात्री त्यांना चक्कर आलेली असते.

आता वाद मिटवायचा कसा? त्याची चोख सोय कायद्यात आहे. प्रथम अपील त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांकडे. जोडपत्र 'ब' भरून गुरुजी सुनावणीला गेले, तर अपील ऐकणारे आणि उत्तर देणारे एकाच बशीतला चहा पीत होते. निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यायचा असतो. तो आला : 'जन माहिती अधिकाऱ्यांनी दिलेली माहिती योग्य आहे.' न दिलेली माहितीसुद्धा योग्य असू शकते, हे गुरुजींना छत्तीस वर्षं मराठी शिकवूनही ठाऊक नव्हतं.

मग नव्वद दिवसांच्या आत दुसरं अपील, जोडपत्र 'क', राज्य माहिती आयोग. अर्जदारानं किती दिवसांत यावं हे कायद्यात लिहिलंय. आयोगानं किती दिवसांत निकाल द्यावा, यावर कायदा मौन पाळतो. नंबर लागायला वर्ष-दोन वर्षं गेली तर कोणी भुवई उंचावत नाही. फुटेज जपायचं वर्ष-दीड वर्ष, अपिलाचा नंबर लागायचा त्यानंतर. वाद असा आपोआप मिटतो. माहिती का नाकारली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नं नाकारणाऱ्यावर टाकली आहे. प्रत्यक्षात एक गोष्ट अर्जदारालाच सिद्ध करावी लागते : आपण अजून हयात आहोत.

दंडाचा धाकही आहे बरं का. दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार. म्हणजे शंभर दिवसांत दंड पुरा. एकशे एकावा दिवस फुकट. आणि हाही फक्त जन माहिती अधिकाऱ्याला. अपील दाबून ठेवणाऱ्या वरच्या साहेबांना या कायद्यात दंडच नाही. म्हणूनच बहुधा खात्यात सगळे बढतीसाठी एवढे झटतात.

पोलिसांचंही ऐकायला हवं. मनुष्यबळ कमी, एकाच हवालदाराकडे समन्स, मुद्देमाल, पासपोर्टची पडताळणी आणि वर हे अर्ज. त्यात माहिती मागून नंतर 'सेटलमेंट' करणारेही असतात, ही तक्रार खोटी नाही. पण त्यावर उपाय याच कायद्याच्या कलम ४ मध्ये वीस वर्षांपासून पडून आहे : न मागता आपणहून जाहीर करा. किती तक्रारी आल्या, किती वेळा आवाज मोजला, किती डीजे जप्त केले, ते दर महिन्याला ठाण्याच्या फलकावर लावा. जे भिंतीवर चिकटवलंय ते दडवायचे पैसे कोण मागणार? पण मग फलकावरचे 'आमचे ब्रीद' आणि गेल्या साली बदलून गेलेल्या साहेबांचा मोबाईल नंबर कुठे लावायचा, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. या वादांत समानता आणा. नाकाबंदीत पोलिसांनी लायसन मागितलं की नागरिकानंही म्हणावं : जोडपत्र 'अ' भरा, दहाचा स्टॅम्प लावा, विषय एकच, शब्द दीडशे. तीस दिवसांत कळवतो. माझं नाव वैयक्तिक माहितीत मोडतं, गाडीचे कागद तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाहीत. समाधान न झाल्यास प्रथम अपील आमच्या वडिलांकडे करावं. ते सध्या बंदोबस्तात आहेत.