पसंतीक्रमाचे कौटुंबिक शास्त्र

महाराष्ट्रात अभियांत्रिकीला प्रवेश घेणारा विद्यार्थी कागदोपत्री एकटा असला, तरी प्रवेश वस्तुतः त्याचे सारे घराणे घेत असते, आणि सीईटीचा, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यापासून प्रवेशाची पहिली फेरी जाहीर होईपर्यंत त्या घरात अन्य विषयावर बोलणे अप्रशस्त मानले जाते. या चर्चेचे अभिजात रूप पाहायचे असल्यास पुण्याचे सीओईपी की मुंबईचे व्हीजेटीआय, हा वाद जिथे रंगतो ते घर गाठावे. दोन्ही अभियांत्रिकी संस्था नामांकित आणि दोन्हींचे कटऑफ, म्हणजे शेवटची जागा ज्या गुणांवर भरली गेली ते गुण, चढे. त्यामुळे निवडीला ठोस कारण असे फारसे उरत नाही, आणि म्हणूनच वादाला ऊत येतो.

पुणे पक्षाचे नेतृत्व बहुधा काकांकडे असते. 1854 साली सुरू झालेली संस्था, धरणे बांधणारे अभियंते विश्वेश्वरय्या तिथले विद्यार्थी, नदीकाठी स्वतःचा बोट क्लब, 1928पासून चालत आलेला रेगाटा हा नौकानयनाचा सोहळा आणि 2022मध्ये लाभलेला तंत्रज्ञान विद्यापीठाचा दर्जा, ही यादी ते एका दमात म्हणून दाखवतात. ज्या मुलाला धरण बांधायचे नाही आणि पोहताही येत नाही, त्याला यांतले नेमके काय उपयोगी पडणार, हे विचारणे मात्र उद्धटपणाचे ठरते. मुंबई पक्ष मामांचा. त्यांच्या हाती 1887 हे साल असल्याने ते तेहतीस वर्षांनी मागे पडतात, परंतु ही उणीव ते माटुंग्याच्या पत्त्याने भरून काढतात: मुलगा डोंबिवलीहून लोकलने जाईल, रात्री घरचे जेवेल आणि वसतिगृहाचा खर्च वाचेल. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला लोकलमध्ये शिरणे हेच यंत्रशास्त्राचे एक प्रात्यक्षिक आहे, ही बाब मामांच्या मांडणीत येत नाही, कारण निवृत्त झाल्यापासून त्यांनी सकाळची लोकल पाहिलेली नाही. आजीचे मत कोणी विचारत नाही. ‘पोरगं जेवणार कुठं?’ एवढाच तिचा प्रश्न असतो, आणि दोन्ही पक्षांच्या सर्व मुद्द्यांत उत्तर देण्याजोगा तेवढा एकच असतो.

वाद इतिहासावर मिटला नाही, की पॅकेजवर येतो. पॅकेज म्हणजे नोकरीतील वार्षिक मोबदला, ज्यात महिन्याअखेर हातात न पडणाऱ्या रकमाही धरलेल्या असतात. सर्वोच्च पॅकेज एकाच मुलाचे असते, पण जाहिरातीच्या फलकावर ते साऱ्या वर्गाचे भासते. समजा, 9 जणांना 6 लाख आणि एकाला 56 लाख मिळाले, तर सरासरी 11 लाख भरते, आणि प्रत्यक्षात 11 लाख मिळवणारा त्या दहांत एकही नसतो. मध्यक, म्हणजे सर्व आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य, इथे 6 लाखच राहते; पण मध्यकाची चौकशी करणारा पालक अपशकुनी समजला जातो.

एवढा खल होत असताना पर्सेंटाइलकडे कोणाचे लक्ष नसते. पर्सेंटाइल ही गुणांची टक्केवारी नव्हे. आपल्या सत्रातील दर शंभर परीक्षार्थींपैकी किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, ते हा आकडा सांगतो. 99 पर्सेंटाइलवाल्याला ‘एक मार्क कुठे गेला रे?’ असे शेजारच्या काकू विचारतात तेव्हा त्यांचे गणित चुकते, पण रोख चुकत नाही, कारण परीक्षेला लाखोंनी मुले बसत असल्याने त्या एका अंकात काही हजार जण पुढे उभे असतात. खुल्या प्रवर्गातून या दोन्ही ठिकाणी संगणक शाखा मिळवायची, तर 99च्या पुढचे दशांशही भरघोस लागतात. म्हणजे काका आणि मामा ज्या जागेसाठी भांडत होते ती दोघांच्याही हाती नसते, आणि खरा प्रश्न पुण्यात धातुशास्त्र, माटुंग्यात वस्त्रतंत्रज्ञान की घराजवळ संगणक, असा निघतो. त्यावर दोघांपैकी कोणीच अभ्यास केलेला नसतो.

वास्तविक कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, या साऱ्यांपेक्षा समंजस आहे. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेक अर्ज घेतो आणि त्यातील यादी वरून खाली वाचत, विद्यार्थ्याला मिळू शकणारी पहिली जागा देतो. त्यामुळे वर लिहिलेली मोठी इच्छा हुकली, म्हणून खालच्या जागेवरचा हक्क बुडत नाही. तरीही ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ या न्यायाने अनेक वडील खात्रीचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर बसवतात. सध्याच्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो आणि पुढच्या फेऱ्यांचे दार लागते. मग धूर्तपणाने मिळवलेली जागा चार वर्षे सांभाळत बसावे लागते. तेव्हा पालकांनी चर्चा खुशाल करावी, पण पसंतीक्रम मुलाच्या मनातल्या क्रमानेच भरू द्यावा, आणि अर्ज निश्चित करण्याच्या दिवशी ज्या मोबाइलवर ओटीपी येणार आहे, तो घेऊन वडिलांनी कचेरीत जाऊ नये.