एक तास चाळीस मिनिटं

आमच्या भाचीचं सासर गोंदियाला आहे आणि माझं घर परुळ्यात, चिपी विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. आजवर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मग तिच्या बाळाचं बारसं ठरलं आणि तिने मोबाइलवर एका पानावर गोंदियाचं बिरसी आणि आमचं चिपी या दोन विमानतळांमधलं अंतर काढलं. "मामा, 940 किलोमीटर. एक तास चाळीस मिनिटं. या की!"

हिशेबात चूक नाही, हीच माझी तक्रार आहे. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी गोल धरायची, तिच्या पाठीवरून सर्वांत जवळची वाट मोजायची, ताशी 800 च्या वेगाने भागायचं आणि चढ-उताराचा अर्धा तास वर टाकायचा. विमान आहे की नाही, हे या गणिताला लागतच नाही. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांच्या काळातली, चिपीचं उद्घाटन 2021 सालचं. दोन्ही ठिकाणी डांबर आहे, वाऱ्याची दिशा दाखवणारी फडकी आहेत. या दोघांना जोडणारं थेट विमान तेवढं नाही.

मी एक प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, अगं, अशा धावपट्ट्यांवर पंख्याची छोटी विमानं येतात. एटीआर धरलं तर वेग ताशी पाचशेच. म्हणजे दोन तास तेवीस मिनिटं लागतील. ती म्हणाली, "चालेल की, मामा."

तिने अंतर काढलं त्याच पानावर खाली ठळक लिहिलं होतं : दोन्ही ठिकाणच्या वेळेत फरक नाही. बरं झालं सांगितलं. एरवी गोंदियात डोक्यावर सूर्य आमच्यापेक्षा सत्तावीस मिनिटं आधी येतो, त्यामुळे घड्याळ पुढे करावं लागतं की काय, या चिंतेत मी होतो.

प्रत्यक्षात मला जमिनीवरून जायचंय. कुडाळपर्यंत रिक्षा, तिथून घाट चढून कोल्हापूरला एसटी आणि पुढे महाराष्ट्र एक्सप्रेस. ही गाडी थेट गोंदियाला जाते; एक रात्र आणि वर बराचसा दिवस. म्हणजे दोन डब्यांची शिदोरी, सोलकढीची बाटली आणि वरच्या बर्थवर चढताना सौ.चं "जरा सांभाळून हो!" यांतलं काहीच त्या पानाने धरलेलं नाही.

"मामाला यायचंच नाहीये," असं आता तिकडच्या घरात बोललं जातंय. एक तास चाळीस मिनिटांसाठी कोण एवढी कारणं देतं, असं विहीणबाईही म्हणाल्या म्हणे.

शेवटी मी तोडगा काढला. नकाशावर या वाटेचा मध्य लातूर जिल्ह्यात अहमदपूरच्या आसपास येतो. बारसं तिथेच करा, असं कळवलंय. दोघांनाही 470 किलोमीटर, चढ-उतार धरून एक तास पाच मिनिटं. अहमदपूरला विमानतळ नाही, असं भाचीचं म्हणणं आहे. तो कुठे लागतोय?