आजी चहा करते

सरांनी गृहपाठ दिला : तीन मिनिटांचा एकच प्रसंग दोनदा चित्रित करा, एकदा वास्तववादी, एकदा रूपवादी. आमच्या गटाकडे पैसे नव्हते, नट नव्हते. माझी आजी होती. प्रसंग ठरला, 'आजी चहा करते'.

वास्तववाद आम्हाला हातचा मळ वाटला. डी सिकाने 'बायसिकल थीव्हज'मध्ये (1948) नायक म्हणून चक्क कारखान्यातला कामगार घेतला होता. आजी तर जन्मभर चहाच करत आलीय. शूटिंगच्या दिवशी ती ठेवणीतली नारायणपेठ नेसून, नथ घालून ओट्याशी उभी! रोजचं बुडाला काळं झालेलं पातेलं गायब. त्याजागी माळ्यावरून उतरवलेलं, आहेराचं स्टिकर अजून न निघालेलं नवंकोरं पातेलं.

"आजी, रोजच्यासारखं हवंय गं."

"रोजच्यासारखं बघायला लोक कशाला येतील?"

आंद्रे बाझँने वास्तववादावर पानंच्या पानं लिहिली आहेत, पण आजीला गप्प करील असं वाक्य मला त्यांत सापडलं नाही.

समजूत घालून तिला साध्या लुगड्यात आणलं, तर स्वयंपाकघरात अंधार. खिडकीबाहेर एलईडी बांधून त्यावर बटर पेपर चिकटवला, तेव्हा कुठे नैसर्गिक उजेड पडला. शेजारच्या काकूंचा कुकर साउंडवाल्याने हात जोडून बंद करवला आणि एडिटिंगला बसल्यावर इंटरनेटवरून उतरवलेली शिट्टी त्याच जागी टाकली. वातावरण खरं वाटावं म्हणून! अर्थात ही परंपरा जुनी आहे. 1895 साली ल्युमिएर बंधूंनी स्वतःच्या कारखान्यातून कामगार बाहेर पडताना दाखवले, आणि तोच प्रसंग एकूण तीनदा, वेगवेगळ्या वेळी चित्रित केला. वास्तवालाही रीटेक चुकला नाही.

रूपवादी आवृत्तीत आम्ही सुटलोच. कॅमेरा तिरका, देव्हाऱ्यातला लाल दिवा ओट्यावर. आयझेनस्टाइनने 'ओल्ड अँड न्यू'मध्ये (1929) दुधातून साय काढणाऱ्या यंत्राचा असा मोंताज रचलाय की यंत्रापुढे नारळ फोडावासा वाटतो. म्हटलं, आपणही दुधाचं करू. दूध चढतंय, कट्, आजीचा डोळा, कट्, दूध उतू जातंय...

"अरे मेल्यांनो, गॅस बंद करा! वास्तुशांत आहे का घरात?"

हा शॉट आवाज काढून वापरला.

शेवटी कुलेशॉव्हचा प्रयोग. त्याने मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, शोक दिसला म्हणतात. आम्ही आजी नुसती बसलेली असताना तिचा क्लोज-अप घेतला आणि पुढे भिंतीवरचा आजोबांचा फोटो जोडला.

वर्गात दोन्ही दाखवल्या. वास्तववादी फिल्मवर शेरा आला, "कृत्रिम वाटते." रूपवादी फिल्मला मागच्या बाकावर मुसमुसण्याचे आवाज. सर म्हणाले, "त्या डोळ्यांतला विरह खरा आहे. असं करून दाखवता येत नाही."

घरी आजीला विचारलं, "तेव्हा तू आजोबांचा विचार करत होतीस का गं?"

"छे! भाजीवाल्याने दहा रुपये कमी परत दिले होते, तो हिशेब लागत नव्हता."

म्हणून माझं मत विचाराल तर वास्तववाद बजेट असेल तरच करावा. खिसा रिकामा असेल तर रूपवाद बरा. तुम्ही याच गृहपाठाला बसला असाल तर घरच्यांचे क्लोज-अप ते हिशेबात गुंतलेले असतानाच घ्या, आणि दूध स्वतः विकत आणा.