वत्सगुल्मीचा ताप

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरीत लावून दिला, त्याच वाशीमच्या मुलुखात, २००० सालापासून पहिलीच्या वर्गात दाखल झालेल्या इंग्रजीने रजेच्या अर्जाशी संसार थाटला आहे. आश्विनात आईबापांबरोबर सोयाबीन सोंगायला गेलेला विद्यार्थी चौथ्या दिवशी शाळेत उगवतो तो, नखांत काळी माती आणि हातात ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’ असा निर्दोष अर्ज घेऊन. कारण गाईडात ताप आहे, सोंगणी नाही. गुरुजीही काळ, कर्ता आणि क्रियापद तपासून ‘गुड’ असा शेरा मारतात. व्याकरण शुद्ध असले म्हणजे सत्याची चौकशी करण्याचे प्रयोजन उरत नाही. पुढे कर्मणी प्रयोग येतो, ज्यात कर्त्यास बिनबोभाट फरार होता येते. आणि मग ‘रस्ता मंजूर करण्यात आला, निधी खर्च करण्यात आला’ असे लिहिणारा अंमलदार घडविण्यास निराळ्या तालमीची जरूर राहत नाही. खड्डे तेवढे अद्याप कर्तरी प्रयोगात आहेत: ते आपले आपणच पडतात.