अंगरक्षकाचा आहेर

मुळशीकडे फार्महाऊस असलेल्या पुणेकराच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली की त्याला दोन गोष्टी करता येतात. नवी मोटर आणून पंपाच्या खोलीला धड कुलूप लावायचं, ही एक. घरच्या कुत्र्याला रक्षक बनवायचं, ही दुसरी. पहिलीत चारचौघांत सांगण्यासारखं काही नसल्यामुळे आपले गृहस्थ दुसरी धरतात, आणि जेवणं उरकली की मोबाईलवर पट्टे बघत बसतात.

कुत्रा म्हणजे सीझर. जात रॉटवायलर, स्वभाव दूधवाल्यापुढे पोट वर करून पडण्याचा. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी आणायला सांगणारं परिपत्रक काढलं, त्यात रॉटवायलरचं नाव होतं. तेव्हा गृहस्थांनी सोसायटीच्या ग्रुपवर सीझरच्या बाजूने इतकं लिहिलं की पाण्याच्या टँकरची चर्चा मागे पडली. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केलं. त्या आनंदात सीझरला नवा पट्टा आला, दोन इंच रुंद, अस्सल चामड्याचा.

पट्ट्याच्या विषयात मात्र त्यांना हसायची सोय नाही. डिवचलेला कुत्रा सगळ्या ताकदीने पुढे ओढ घेतो. पट्टा बारीक असला तर गळ्यात रुततो, कुत्रा खोकायला लागतो आणि समोरच्या माणसावरचं त्याचं लक्ष उडतं. म्हणून पट्टा रुंद हवा, शिवण पक्की हवी, बकल दुहेरी काट्याचं हवं. नाहीतर मग छातीवर जोर घेणारा हार्नेस. दोरीचा हुक पितळी, कारण लोखंडी हुक मुळशीच्या पावसात टिकत नाही. आषाढात चामड्याला बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यापुरता प्लॅस्टिकचा लेप दिलेला वेगळा पट्टा. हे सगळं बरोबर आहे. फक्त, "माझ्या मंगळसूत्राचा फासा दिवाळीपासून तुटलाय, त्याला कुठला हुक बसेल तेही बघा की," असं बायको म्हणाली की ते एकदम गप्प होतात.

बनावट शक्यतो जर्मनच. त्यालाही कारण आहे. 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी तिकडे जर्मन शेफर्डची संघटना काढली आणि त्या जातीचं पाणी जोखण्यासाठी संरक्षणाच्या चाचण्या सुरू झाल्या. आज जगभर खेळली जाणारी आयजीपी ही कुत्र्यांची स्पर्धा त्यांचीच वंशज. हा इतिहास सांगत गृहस्थांनी काटेरी पट्टाही तिकडचाच मागवला. ज्या देशाचा शिक्का त्यावर मिरवतो, त्याच देशात 2022 च्या सुरुवातीपासून प्रशिक्षणासाठी असे काटेरी पट्टे वापरायला मनाई आहे, ही माहिती त्यांच्या पुतणीने पुरवली. तेव्हापासून तो पट्टा शोकेसमध्ये, शाळेतल्या ढालीशेजारी.

खरी मजा स्लीव्हपासून. स्लीव्ह म्हणजे कुत्र्याने चावायची जाड बाही. आत कडक कवच, वर तागाचं आवरण. फाटलं की आवरण तेवढं बदलायचं. तिथवर पोचायचीही एक वाट असते. पिल्लाला आधी गोणपाटाची चिंधी, मग तागाची गुंडाळी, मग उशी, मग मऊ बाही. दुधाचे दात पडत असताना कडक वस्तू तोंडात दिली तर ते दुखणं कुत्रा विसरत नाही. ही वाट सांभाळायची, तर गृहस्थांनी पायऱ्या न चढता थेट गच्ची विकत घेतली: सर्वांत कडक, सर्वांत महाग, डाव्या हाताची.

पण डावा हात कोणाचा?

वॉचमनला विचारलं. तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, माझी ड्युटी चोर पकडायची आहे, चोर व्हायची नाही." इस्त्रीवाल्याने दुसऱ्या दिवसापासून कपडे गेटवरच ठेवायला सुरुवात केली. बाही घालून कुत्र्याचा चावा झेलणं हे शिकून करायचं काम आहे. कधी घाबरल्याचं दाखवायचं, कधी बाही सोडून कुत्र्याला जिंकू द्यायचं, झेप घेणाऱ्याची मान न मुरगळता त्याला हातावर कसं झेलायचं, हे सगळं त्यात आलं. असा माणूस कुठल्याही दुकानात कार्टमध्ये टाकता येत नाही.

शेवटी पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार सापडले. ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दहा मीटरची दोरी, गोणपाटाचा तुकडा आणि एक जाळीचं मुसकं होतं, बस. मुसकं त्यांनी सीझरला चढवून पाहिलं आणि तोंड उघडून धापा टाकता येतात ना, हे आधी तपासलं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धाप हाच त्याचा पंखा. मग टेबलावर मांडलेल्या वस्तूंकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "सोड म्हटल्यावर सोडतो का?"

"धरतच नाही अजून," गृहस्थ म्हणाले.

"मग आधी 'बस' आणि 'ये' शिकवू."

गृहस्थ हिरमुसले. पण आयजीपीतही कुत्र्याला चावायची परीक्षा देण्याआधी आज्ञापालनाची आणि रस्त्यावरच्या गर्दीत शांत राहण्याची परीक्षा पास व्हावी लागते. शिवाय आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे. पाळीव जनावरापासून धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोटरचोर मोकळा आणि मोटरमालक चौकीत, अशी वेळ येऊ शकते.

हवालदारांनी आणखी एक धोका सांगितला. सतत बाहीवरच सराव केलेला कुत्रा बाहीवर जीव जडवून बसतो. चोराने ती काढून फेकली की हा ती तोंडात धरून विजयी मुद्रेने अंगणभर फिरतो आणि चोर शांतपणे मोटर काढून नेतो. यावर उपाय म्हणजे शर्टाच्या आत लपणारी पातळ बाही, किंवा सगळ्या अंगाचा सूट. हवालदारांनी हे इशारा म्हणून सांगितलं, गृहस्थांनी खरेदीची यादी म्हणून लिहून घेतलं.

सध्या सूटवर अभ्यास चालू आहे. वजनदार प्रकरण आहे, आणि मापात चूक चालत नाही. सैल पडला तर घालणाऱ्याला पळता येत नाही, घट्ट झाला तर दातांचा चिमटा आत पोचतो. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला, इंजिनिअरिंगला आहे, उंचापुरा, खांद्यात रुंद. चिवडा खाताना त्याच्या छातीभोवती टेप आला.

"मामा, कोट शिवताय का मला?"

"त्याहून भारी," मामा म्हणाले, "हात जरा वर कर."